हरिकेन इंजिन काढण्याआधी

जीप चढावर दम सोडते. दुपारी गरम होते. जिथे उभी राहील तिथे तेलाचा डाग पाडते. सीजे-थ्रीबी, म्हणजे महिंद्राची जुनी पेट्रोल जीप, बाळगणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून या तीनवर येतात, आणि इंदूरच्या बहुतेक गॅरेजांत तिन्हींवर एकच उत्तर मिळतं : "पेट्रोल निकाल दो, डीझल डाल देते हैं." दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. दुखणं डिस्ट्रिब्युटरमध्ये, कार्बोरेटरमध्ये किंवा रेडिएटरमध्ये असतं आणि बाहेर निघतो तो धडधाकट ब्लॉक. एकदा निघालेला ब्लॉक भंगारात गेला की परत मिळत नाही. म्हणून इंजिन ठेवायचं की बदलायचं हा निर्णय मोजमाप झाल्यावरच घ्यावा. त्याआधी घेतला की पुढे पस्तावायची वेळ येते.

आधी हे इंजिन काय आहे ते बघू. विलीज एमबीमध्ये, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या जीपमध्ये, एल-१३४ होतं. दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, ६० हॉर्सपॉवर. सीजे-थ्रीबीमध्ये आलं एफ-१३४, म्हणजेच हरिकेन. बोअर तोच ७९.४ मिलिमीटर, स्ट्रोक तोच १११.१, क्षमता तीच २१९९ सीसी. फरक इतकाच की इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच राहिले. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि ते मावावं म्हणून थ्रीबीचं बॉनेट उंच करावं लागलं. एमबीच्या बसक्या बॉनेटखाली हरिकेन मावत नाही ते याचमुळे. ताकद ४००० आरपीएमला ७२ हॉर्सपॉवर. पण या गाडीत हॉर्सपॉवरपेक्षा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, बघावा : २००० आरपीएमला ११४ फूट-पाउंड, म्हणजे साधारण १५४ न्यूटन-मीटर. बोअरपेक्षा स्ट्रोक इतका लांब असलेलं इंजिन खालच्या फेऱ्यांवर ओढण्यासाठीच बनवलेलं असतं.

आता त्याच्या मागची जोडणी. टी-९० गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.७९८, डाना १८ ट्रान्सफर केसचा लो २.४६, एक्सल ५.३८. तिन्हींचा गुणाकार ३७. म्हणजे फोर-लोच्या (चारही चाकांना जोर, सगळ्यात संथ जोडणी) पहिल्या गिअरमध्ये इंजिन ६०० फेऱ्यांवर टिकटिकत असेल तर ६.०० बाय १६ च्या टायरवर गाडी ताशी २ किलोमीटरच्या आसपास सरकते. माणसाच्या सावकाश चालीपेक्षाही कमी. पावसाळ्यात माळव्याची काळी माती टायरला थापून बसते तेव्हा ॲक्सिलरेटरवर पाय दिला की चाक फिरतं आणि गाडी खाली बसते. तिथे या संथ, न बंद पडणाऱ्या फेऱ्याच गाडी बाहेर काढतात. इंजिन बदलायचा विचार करताना हा गुणाकार कागदावर मांडून समोर ठेवावा, कारण नवं इंजिन याच गिअरांना बांधलं जाणार आहे.

एक उदाहरण. मारुती जिप्सीचं १.३ लिटरचं एमपीएफआय इंजिन बसवायचा सल्ला हमखास मिळतो. हलकं आहे, सुटे भाग मिळतात, कार्बोरेटरची कटकट नाही, हे सगळं खरं. ताकद ८० हॉर्सपॉवर, म्हणजे कागदावर हरिकेनपेक्षा जास्त. पण टॉर्क १०३ न्यूटन-मीटर, आणि तोही ४५०० फेऱ्यांना. ५.३८ च्या एक्सलवर टॉप गिअरमध्ये ४५०० फेऱ्या म्हणजे ताशी ११० किलोमीटर. नऊ इंची ड्रम ब्रेकच्या गाडीत तो वेग येऊच नये. मग व्यवहारात हे इंजिन २००० ते ३००० फेऱ्यांमध्येच चालणार, आणि तिथे ते जुन्या इंजिनापेक्षा दुबळं पडणार. इंदूरजवळच्या भेरू घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढणारी जीप मग पहिल्यात चढते.

आता तपासणी. यातली प्रत्येक चाचणी अर्ध्या दिवसात होते आणि लागणारी हत्यारं कुठल्याही बऱ्या गॅरेजमध्ये असतात.

पहिली कॉम्प्रेशनची. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा आणि सेल्फवर प्रत्येक सिलिंडरला चार-पाच फेऱ्या द्या. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, नाहीतर शेवटच्या सिलिंडरचा आकडा उगाच कमी येतो. चांगल्या हरिकेनचा आकडा १२० पीएसआयच्या आसपास असतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, त्यामुळे इथे ११०-११५ मिळाले तरी घाबरायचं कारण नाही. आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. तो १० पीएसआयच्या आत असावा. एखादा सिलिंडर खाली दिसला तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या. नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर त्यांच्यामधलं हेड पॅकिंग फुटलंय, आणि तेवढ्यासाठी कुणी इंजिन बदलत नाही.

दुसरी व्हॅक्यूमची. गेज इनटेकला जोडा. आयडलला काटा १६ ते १९ इंचांवर स्थिर हवा. समुद्रकाठच्या पुस्तकी आकड्यातून आपल्या उंचीचे दोन इंच कमी धरलेत. काटा ठरावीक तालात खाली झटका देत असेल तर एक व्हॉल्व्ह बसत नाहीये. रेस दिल्यावर थरथरत असेल तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा किंवा गाइड. एकसारखा पण खालीच असेल तर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे आहे, नाहीतर कुठून तरी फुकटची हवा येतेय.

तिसरी ऑइल प्रेशरची, तीही तासभर चालवून तापलेल्या इंजिनावर. थंड इंजिनाचं प्रेशर बघून केलेला सौदा फसतो. चालत्या गाडीत, २००० फेऱ्यांच्या सुमारास, ३५ पीएसआय उत्तम, २० पर्यंत चालतं. आयडलला १० हवं. त्याखाली गेलं तर बेअरिंग आणि क्रँक बघावा लागेल.

या तिन्हींत इंजिन पास झालं आणि तरी गाडी दम सोडत असेल, तर ब्लॉकला दोष देऊ नका. मी सगळ्यात आधी डिस्ट्रिब्युटर हातात घेईन. कॅप काढा, रोटरखालचा दांडा अंगठ्याने डावीकडे-उजवीकडे हलवा. हलला, तर बुश गेलंय. मग पॉइंटचा गॅप तुम्ही २० थाऊवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कितीही काळजीने लावा, चालत्या इंजिनात तो दर फेरीला बदलतो. त्याच्याखाली ॲडव्हान्सची वजनं असतात, फेऱ्या वाढल्या की ठिणगी आधी पाडणारी. वर्षानुवर्षं कुणी तिथे तेलाचा थेंब सोडलेला नसतो, ग्रीस वाळून डांबर झालेलं असतं आणि वजनं जागच्या जागी चिकटलेली असतात. रोटर फिरवून सोडा. स्प्रिंगच्या जोराने तो टचकन परत आला पाहिजे. परत येत नसेल तर आयडलचं टायमिंग बरोबर, पण फेऱ्या वाढल्यावर मागे पडतं, आणि तेच ते चढावरचं दम सोडणं. वजनं रॉकेलने धुवा, बुश नवं टाका, पॉइंट २० थाऊ, प्लग ३० थाऊ, टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) ५ अंश आधी, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. एवढं करूनच कितीतरी जीप डिझेलच्या तोंडातून परत येतात.

टॅपिट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप, हा या इंजिनाचा खास विषय. वरचे इनटेक १८ थाऊ, खालचे एक्झॉस्ट १६ थाऊ, दोन्ही थंड इंजिनावर. वरचे सगळे करतात, कारण झाकण काढलं की समोर दिसतात. खालच्यांसाठी ब्लॉकच्या बाजूचं झाकण काढावं लागतं, तिथे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आडवा येतो, पाने घालायला जागा नसते. म्हणून ते राहून जातात. एक्झॉस्टचा गॅप मिटला की व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता ब्लॉकमध्ये उतरत नाही आणि कडा जळते. दर ५००० किलोमीटरला खालचे चार तपासा, मग भले मॅनिफोल्ड उतरवायला लागो.

गरम होण्याचं कारण बहुतेक वेळा पाणी. इंदूरच्या बोअरिंगचं पाणी जड. वर्षानुवर्षं तेच रेडिएटरमध्ये भरलं की ब्लॉकच्या आत खपली धरते, आणि पंपापासून सगळ्यात लांब असलेल्या चौथ्या सिलिंडरभोवती गाळ साचतो. रेडिएटर नवा टाकूनही गाडी तापते तेव्हा गाळ ब्लॉकमध्ये असतो. कोअर प्लग काढून, तारेने खरवडून, उलट्या दिशेने पाण्याचा दाब मारून तो काढावा लागतो. मग डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. थर्मोस्टॅट कुणीतरी कधीतरी काढून फेकलेला असतो. तो परत बसवा. त्याच्याविना इंजिन हिवाळ्यात कधीच नीट तापत नाही, पेट्रोल तेलात उतरतं आणि बोअर झिजतात. रेडिएटरचं झाकण मात्र मूळ कमी दाबाचंच हवं. हल्लीच्या गाडीचं १३-१५ पीएसआयचं झाकण लावलं की जुने झाळलेले सांधे उघडतात.

तेलाच्या डागाबद्दल थोडक्यात. मागच्या मेन सीलमधून तेल येतं हे खरं, पण सील बदलण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवून बघा. खडखडला तर ठीक. मुका असेल तर तो जाम आहे, क्रँककेसमध्ये दाब कोंडतोय आणि तेल मिळेल त्या वाटेने बाहेर पडतंय.

पेट्रोलचा प्रश्न मात्र नवा आहे, आणि तो खरा आहे. शिसं बंद झालं २००० साली. त्याची भीती हरिकेनमध्ये फारशी नाही, कारण एक्झॉस्टच्या सीट मुळातच कठीण धातूच्या वेगळ्या बसवलेल्या रिंगा आहेत. आता पंपावर येतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून त्याच जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकावर) मिश्रण साधारण ८ टक्के पातळ पडतं. पातळ मिश्रणाने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात. उपाय सोपा : सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटचा नंबर म्हणजे मिलिमीटरचे शंभरावे भाग. १२० असेल तर १२५ टाका. भोकाचा व्यास ४ टक्के वाढला की क्षेत्रफळ ८ टक्के वाढतं. जोडीला पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणारे घ्या. जुन्या टाकीतला थर इथेनॉलने सुटतो, म्हणून पहिले दोन-तीन महिने पारदर्शक फिल्टर लावून रोज बघा. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा. अर्ध्या टाकीत दमट हवा राहते, इथेनॉल ओल शोषतं, आणि एका मर्यादेपुढे पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं. पहिल्या स्टार्टला कार्बोरेटरमध्ये तेच जातं.

व्हेपर लॉकचंही हेच कुटुंब. पेट्रोल पंप आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला. मे महिन्यात मंडलेश्वरहून जाम दरवाजाकडे चढताना, निमाडची झळ खालून आणि इंजिनाची वरून, पाइपात पेट्रोल उकळतं आणि गाडी थांबते. पंप आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये पत्र्याची आड लावा, पाइप मॅनिफोल्डपासून दूर फिरवा. इलेक्ट्रिक पंप लावायचाच असेल तर ३ पीएसआयच्या आसपासचा. ६-७ पीएसआयचा पंप फ्लोटच्या सुईला उचलून धरतो आणि कार्बोरेटर ओसंडतो. तापलेल्या एक्झॉस्टवर ओसंडणारं पेट्रोल म्हणजे आग.

चाचणीत इंजिन नापास झालं, तर उघडा. उघडल्यावर पहिलं काम ब्लॉक स्वच्छ करून तडा शोधणं. त्यासाठी मशीन लागत नाही. एक्झॉस्टच्या सीटपासून बोअरच्या कडेपर्यंतचा भाग रॉकेलने भिजवा, दहा मिनिटं मुरू द्या, कापडाने कोरडा पुसा आणि वर खडूची पूड शिंपडा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल हळूहळू पुडीत चढतं आणि पांढऱ्यावर केसाएवढी करडी रेघ उमटते. घाई करू नका, कधीकधी पाच मिनिटांनी दिसते. सीट आणि बोअर यांच्यामधली ती अरुंद भिंतच या ब्लॉकची दुखरी जागा. रेघ वरवरची असेल तर स्टिचिंग आणि स्लीव्हने ब्लॉक वाचतो. पाण्याच्या जॅकेटपर्यंत गेली असेल तर तो ब्लॉक संपला.

बोअर घसाई आणि अंडाकार ५ थाऊपर्यंत असेल तर रिंगा टाकून भागतं, त्यापुढे बोअरिंग. पिस्टन १०, २०, ३०, ४० थाऊ ओव्हरसाइजमध्ये. ४० संपला की स्लीव्ह टाकून परत स्टँडर्डला यायचं, म्हणजे ब्लॉकला दुसरा जन्म. मशीन शॉपमध्ये बोअर करून घेताना पिस्टन आधी हातात घ्या. पिस्टन पाहून बोअर करायचा असतो, छापील मापावरून नाही. जुळणी तपासायची जुनी रीत पक्की आहे : ३ थाऊची, पाऊण इंच रुंद पट्टी बोअर आणि पिस्टनच्या मध्ये घालून स्प्रिंग काट्याने ओढायची. ५ ते १० पाउंडांत, म्हणजे सव्वादोन ते साडेचार किलोत, सरकली पाहिजे. रिंगांचा तोंडाचा गॅप १० ते १३ थाऊ. क्रँक घासून आणला की तेलवाटांचे प्लग काढून आत तार आणि दाबाची हवा मारल्याशिवाय बसवू नका. घासाईची भुकटी तिथेच लपते आणि नवी बेअरिंग पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये खाते.

हेड उतरवताना लक्षात ठेवा : हरिकेनच्या हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरखाली, इनटेकच्या आत लपलेला असतो. नवखा मेकॅनिक दिसणारे सगळे बोल्ट काढतो, हेड हलत नाही म्हणून पहार घालतो आणि हेड फोडतो. बसवतानाही तोच विसरतो आणि पॅकिंग तिथेच फुटतं. हेड बोल्ट ६० ते ७० फूट-पाउंड, मधून बाहेर, तीन टप्प्यांत. कनेक्टिंग रॉड ३५ ते ४५, मेन बेअरिंग ६५ ते ७५. इंजिन एकदा तापून थंड झाल्यावर हेड पुन्हा कसा. रॉकरला तेल नेणारी बाहेरची बारीक नळी फुंकून बघा. ती चोंदली की वरचा दांडा कोरडा चालतो. तेल फिल्टरसह ४.७ लिटर, साधं मिनरल १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०. पहिले ८०० किलोमीटर ताशी ५५ च्या आत, पण एका वेगावर रेंगाळू नका.

इंजिन नंबरबद्दल एक कळकळीची विनंती. तो ब्लॉकच्या पुढच्या भागात, वॉटर पंपामागच्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. ब्लॉक पाठवण्याआधी त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या आणि मशीन शॉपला खडूने बाण काढून सांगा, इथे ग्राइंडर लागता कामा नये. साफसफाईच्या उत्साहात घासला गेलेला नंबर आरटीओत परत मिळवणं हे इंजिन बांधण्यापेक्षा मोठं काम आहे.

आता पैसे. डिझेलचा मुख्य मुद्दा मायलेज. हरिकेन लिटरला ८ किलोमीटर देते आणि डिझेल १२ असं धरू. हौसेची जीप वर्षाला २००० किलोमीटर फिरली तर पेट्रोल २५० लिटर, डिझेल १६७. भाव १०६ आणि ९२ धरला तर वर्षाचा फरक ११ हजारांच्या आसपास. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, रेडिएटर, वायरिंग, माउंटिंग मिळून बदलाचा खर्च लाखाच्या पुढे सहज जातो. तो वसूल व्हायला नऊ-दहा वर्षं. रोज शेतावर जाणारी, वर्षाला १५ हजार किलोमीटर पळणारी जीप असेल तर गणित सरळ उलटतं, आणि तिथे डिझेलचा आग्रह मला पटतो.

ब्लॉक संपलेला असेल, किंवा गाडी अशी रोजची कामाची असेल, तर बदल करावा, पण नीट. पहिली पसंती दुसऱ्या हरिकेनची : भंगारातल्या तुकड्यांतूनही एक चांगला ब्लॉक सापडतो, आणि त्यात चॅसिसला एक भोकही पाडावं लागत नाही. तो नाहीच मिळाला तर महिंद्राच्याच नंतरच्या जीपांमधलं प्यूजोचं एक्सडीपी ४.९० डिझेल, २११२ सीसी. ते एकटं घेऊ नका. बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं क्लचभोवतीचं घर), फ्लायव्हील, क्लच, माउंटिंग, रेडिएटर, एअर फिल्टर, हीटर प्लगचं वायरिंग, सगळा संच एकाच गाडीचा घ्या. इंदूरच्या सियागंज बाजारात बोल्ट, बेअरिंग, होज सगळं मिळतं, पण न जुळणाऱ्या दोन संचांमधला दुवा मिळत नाही. तो लेथवर करावा लागतो आणि चुका तिथेच होतात.

सगळ्यात महागडी चूक बेल हाउसिंगची. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये ॲडॉप्टर प्लेट बनवली की क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत राहिलेच असं नाही. फ्लायव्हीलवर डायल गेज चिकटवा, काटा बेल हाउसिंगच्या भोकाच्या कडेवर टेकवा आणि इंजिन हाताने पूर्ण फेरी फिरवा. ५ थाऊपेक्षा जास्त फरक दिसला तर डॉवेल सरकवल्याशिवाय पुढे जाऊ नका. हे टाळलं की क्लच दाबल्यावर कुरकुर, मग स्पिगॉट बुश खलास, मग शाफ्टचं बेअरिंग, मग टॉप गिअर आपोआप सुटणं, याच क्रमाने सगळं होतं.

ट्रान्सफर केस बदलू नका. डाना १८ चे आउटपुट मध्यावर नसून उजवीकडे आहेत आणि दोन्ही एक्सलचे गोळे (डिफरेन्शियल) त्याच बाजूला. मध्यावर आउटपुट असलेला दुसरा केस घातला तर प्रॉपेलर शाफ्ट तिरका चालतो आणि क्रॉस खातो.

ऑइल चेंबर आणि पुढचा एक्सल यांच्यातलं अंतर गाडी जॅकवर असताना बघून उपयोग नाही. पुढचे पाटे पूर्ण दबून बंप स्टॉपला टेकतील तेव्हा किती उरतं ते बघा. डिझेल जड, त्यामुळे पाटे आधीच बसलेले असतात. रेडिएटर आणि पंख्यात किमान एक इंच. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत कॉलम आणि एक्झॉस्ट किती जवळ येतात तेही इंजिन टांगलेलं असतानाच तपासा. टाकीला परतीच्या डिझेलचं तोंड पाडावं लागेल, ते पेट्रोलच्या टाकीला नसतं. पेट्रोलचा वास गेल्यावरच, म्हणजे टाकी उतरवून, पाण्याने पूर्ण भरून मगच त्यावर झाळकाम. मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालणारे वायपर बंद पडतील, त्यासाठी अल्टरनेटरवरचा व्हॅक्यूम पंप किंवा इलेक्ट्रिक वायपर. आणि वजन वाढल्यावर नऊ इंची ड्रम पुरत नाहीत. महिंद्राचे नंतरचे ११ इंची ब्रेक त्याच कामात बसवून टाका, पुढे ढकलू नका.

चॅसिसवर ब्रॅकेट वेल्ड करू नका. चॅनलच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोकही नको. उभ्या भिंतीत भोक पाडून बोल्टने बसवा. डिझेलच्या थरथरीने वेल्डच्या कडेपासून चॅसिस तडकते. मूळ क्रॉस मेंबर आणि मूळ माउंटिंगचे ब्रॅकेट कापायचे नाहीत, हे मेकॅनिकला काम सुरू होण्याआधी सांगा. कटर एकदा फिरला की परतीची वाट बंद.

कागदांचं शेवटी बघू म्हणणारे फार, पण ते आधी बघायचे असतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि आरसीवर इंजिन नंबर, इंधन, सीसी बदलून घ्यावं लागतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा कडक अर्थ लावला. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल अशी गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनीकडून काही मिळेल अशी आशा ठेवू नका.

त्याहून मोठी गोष्ट जुलै २०२१ च्या व्हिंटेज नियमांची. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, बिनव्यापारी, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुनर्नोंदणीला ५ हजार, मुदत १० वर्षं. अट अशी की चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे डिझेल घातलेली १९६५ ची थ्रीबी वयाने बसते आणि इंजिनाने बाद होते. ही नोंदणी रोजच्या वापरासाठी नाही, प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच आहे, हेही ध्यानात असू द्या.

बऱ्याच जीप आपल्याकडे येतात त्याच आधी डिझेल झालेल्या, आणि आरसीवरही डिझेल चढलेलं. तिथे हट्टाने हरिकेन शोधत बसण्यापेक्षा आहे ते डिझेल नीट राखणं मला योग्य वाटतं. डायल गेजची ती एक चाचणी मात्र गाडी घेतल्या घेतल्या करा.

आणि बदल केलाच, तर निघालेलं हरिकेन विकू नका. तेल काढून नवं भरा. प्रत्येक सिलिंडरमध्ये ५० मिलिलिटर तेल सोडून प्लग परत लावा. कार्बोरेटरची आणि एक्झॉस्टची तोंडं पत्रा आणि पॅकिंगने बंद करा, नाहीतर उंदीर घर करतात. पाणी पूर्ण काढा, ड्रेनच्या भोकात तार घालून गाळ अडकलेला नाही ना ते बघा. नंबरच्या उंचवट्यावर ग्रीस थापा. लाकडी पॅलेटवर, जमिनीपासून चार बोटं वर, ताडपत्रीऐवजी सुती कापडाखाली ठेवा, कारण ताडपत्रीत दव कोंडतं. महिन्यातून एकदा पुढच्या पुलीला पाना लावून दीड फेरी फिरवा. दीड अशासाठी, की पिस्टन दर महिन्याला नव्या जागी थांबतात आणि एकच व्हॉल्व्ह वर्षभर उघडा राहत नाही.